फोटोतलं पुस्तक

नागपूर
९ जानेवारी १९८६

श्रावणदादास पुष्पलताचा जयभीम.

लग्नपत्रिका सोडली तर आपल्या घरात कोणी कोणाला पत्र लिहीत नाही, मग आज या पोरीला काय झालं असं तुला वाटेल. काम आहे म्हणून लिहिते आहे, उगाच मायेचा आव आणत नाही.

मी पारशिवनीची बालवाडी सोडली. रामदासपेठेत कॉम्प्युटरचा वर्ग निघाला आहे, सहा महिन्यांचा. तुझी ती कॉम्प्युटरची भाषा, कोबोल, शिकवतात. इथं मुलींच्या होस्टेलात राहते. राजीनामा दिला तेव्हा मोठ्या गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तुले जमन का हे? वापस आली त जागा नाही राहणार, सांगून ठेवतो." वर्गातून परीक्षेत वर येणाऱ्या दोघांना एका कोळशाच्या ऑफिसात घेणार आहेत. त्या दोघांत आले नाही तर मी ना इकडची ना तिकडची.

आता कामाचं. सीताबर्डीच्या फुटपाथवर मला एक पुस्तक मिळालं, लाल पुठ्ठ्याचं, हिंदीतलं. पहिल्याच पानावर लिहिलं आहे, "पहले अपना नाम बताओ, फिर जगह, फिर सामान, तब काम शुरू करो." म्हणजे प्रोग्रॅमचे चार भाग. वाचलं की कळतं. पण वर्गात काढायची लाज वाटते. कॉन्व्हेंटच्या दोन मुलींनी पाहिलं आणि विचारलं, "ये क्या, खाना बनाने की किताब है?" मी दप्तरात कोंबलं.

इंदोऱ्याच्या विहारात, वाचनालयाच्या भिंतीवर, तुला पुण्याला कॉम्प्युटरची नोकरी लागली तेव्हाचा तुझा सत्काराचा रंगीत फोटो आहे. कोट घातलेला, छातीशी जाडजूड निळं इंग्रजी पुस्तक धरलेलं. बाबा नागपूरला आले की आधी त्या फोटोपुढं उभे राहतात. त्यांचं म्हणणं आहे, "श्रावणनं जे वाचलं तेच घे, दुसरं पाहू नको." तर दादा, त्या निळ्या पुस्तकाचं नाव कळव. त्याच्यावरच शिकलास ना तू?

तुझ्या घरी, मोठ्या आईकडे रविवारी जाते. तिचे गुडघे दुखतात, बाकी बरी आहे.

तुझी,
पुष्पलता


पुणे
२० जानेवारी १९८६

चि. पुष्पलतास जयभीम व आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. आपल्या घरातील मुलगी या क्षेत्रात येते आहे, याचा अभिमान वाटला.

पुस्तकाच्या निवडीबाबत माझे मत स्पष्ट आहे. जे शास्त्र अमेरिकेत वाढले ते त्यांच्याच भाषेत शिकावे. फुटपाथवरच्या गाइडावर एखादी परीक्षा निघते, माणूस प्रोग्रॅमर होत नाही. ते लाल पुस्तक कोणाला तरी देऊन टाक. ते तुझ्या हातात कोणी पाहू नये. लोक आपल्या मुलांकडे आधीच तपासून पाहत असतात, की हे कुठून आले आणि यांना कितपत येते. त्यांना आपण होऊन निमित्त देऊ नये. हे मी अनुभवाने सांगतो आहे.

फोटोतील पुस्तक घ्यावे. होय, तेच. नाव व लेखक वेगळ्या चिठ्ठीवर लिहून सोबत जोडले आहे. बर्डीवरचा कोणीही मोठा दुकानदार मुंबईहून मागवून देईल.

आनंदरावकाकांना नमस्कार. आईला सांग, मी दसऱ्याला येईन.

तुझा,
श्रावण


नागपूर
१६ फेब्रुवारी १९८६

दादास जयभीम.

काय रे, चार वर्षांत पार पुण्याचा होऊन गेलास. "घ्यावे", "पाहू नये". मला वाटलं तहसीलदाराची नोटीस आली.

पुस्तक आलं. बाबा स्वतः पारशिवनीहून आले, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. दुकानातून घेतलं ते काखेत धरून थेट इंदोऱ्याला. तुझ्या फोटोशेजारी धरून पाहिलं आणि भैयाजीला म्हणाले, "पाहा, हेच आहे ना?" भैयाजी वाचनालयाचा कारभार पाहतो, त्यानंही मान हलवली. मी खाकी कव्हर घालत होते, तर बाबांनी घालू दिलं नाही. निळं दिसलं पाहिजे म्हणे. मग आरपार दिसणारं प्लास्टिक आणलं.

लाल पुस्तक पंचफुलाला देऊन टाकलं. माझ्या बाजूला बसते, महालातली, कोष्ट्यांची पोरगी. घरी माग होते, आता कोणी बसत नाही त्यावर. तिला लाजबीज काही नाही. "दे ना वं, मले त हेच पाहिजे होतं," म्हणाली आणि तिथंच उघडून वाचायला बसली.

निळं पुस्तक फारच मोठं आहे, म्हणजे चांगलंच असेल. डिक्शनरी बाजूला घेऊन बसते. एका पानाला संध्याकाळ जाते, पण होईल सवय. एक विचारायचं होतं. पगाराच्या उदाहरणात प्रत्येक माणसाचा नऊ आकडी नंबर घेतला आहे, आणि पुढं त्याचा काही टॅक्स कापला आहे. तो नंबर कशाचा? तो नेहमीच लिहायचा असतो का?

तुझी,
पुष्पलता


पुणे
१० मार्च १९८६

चि. पुष्पलतास आशीर्वाद.

कामाच्या गडबडीत उत्तरास उशीर झाला.

अशा बारीकसारीक गोष्टींत अडकू नये. पुस्तकात जसे दिले आहे तसे आधी पाठ करावे, तसेच लिहावे. पुढे आपोआप उलगडत जाते. तुझी खरी अडचण इंग्रजीची आहे. रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र मोठ्याने वाचावे. होस्टेलात येत असेलच.

काकांनी पुस्तक विहारात नेले, हे वाचून कसेसेच झाले. एवढे करायला नको होते.

तुझा,
श्रावण


नागपूर
२७ एप्रिल १९८६

दादास जयभीम.

बरेच दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं काही नव्हतं. जे होतं ते लिहायची हिंमत नव्हती.

आमची पहिली चाचणी झाली. राशन दुकानाचा प्रोग्रॅम लिहायचा होता. घरात माणसं किती, साखर किती, गहू किती, एवढंच. मी तू सांगितलं तसं पुस्तकातलं पाठ करून गेले होते. प्रत्येक कार्डवाल्याला नऊ आकडी नंबर दिला आणि टॅक्स कापला. सरांनी माझा कागद वर धरून वर्गाला वाचून दाखवला. "ये तो अमेरिकन सरकार का नंबर है. मॅडम, नागपूर के राशन दुकान में आप किसका टॅक्स काट रही हो?" सगळे हसले. मीही हसले, सगळ्यांसोबत, जसं काही मी मुद्दाम गंमत केली होती. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते. नापास झाले त्यापेक्षाही जास्त.

हो, नापास झाले. पंचफुला पहिली आली.

बाबांना मी पत्रात "चांगलं चाललं आहे" असं लिहिलं. ते पारशिवनीच्या बाजारात लोकांना थांबवून सांगून राहिले, आमची पोरगी श्रावणच्या पुस्तकावर शिकून राहिली म्हणून. मोठ्या गुरुजींनाही सांगून आले. आता बालवाडीत दुसरी बाई लागली आहे, ते बरंच झालं म्हणते. परत जायचा मोहच नको.

दादा, एक खरं सांग. तुले हे पुस्तक वाचताना असं काही झालं होतं का? का माझ्याच डोक्यात कमी आहे? तुला कळलं आणि मला कळत नाही, तर मग दोष पुस्तकात कसा असेल. तू एक ओळ लिही, की मलाही अडलं होतं. तेवढ्यावर मी पुढं वाचीन.

पुष्पलता


नागपूर
१ जून १९८६

श्रावणदादा,

महिना झाला, तुझी ती एक ओळ काही आली नाही.

आज मोठ्या आईकडे गेले होते. जेवायला वाढलं आणि मला रडूच आलं. सगळं सांगून टाकलं, राशनचं, नऊ आकड्यांचं, बाबांपासून लपवलेलं. तिनं ऐकून घेतलं. मग गुडघे धरत उठली, पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली, तुझं जुनं स्वेटर बाजूला केलं आणि खालून एक पुस्तक काढलं. लाल पुठ्ठ्याचं, हिंदीतलं. पाठीमागचा पुठ्ठा गेलेला, मधल्या पानांवर तेलाचा मोठा डाग. म्हणाली, "हे पाहा बरं वं, कामाचं आहे का. श्रावण चुलीपाशी बसून हेच वाचे. पुण्याले जाताना म्हणे रद्दीत दे. माह्यानं देववलं नाही."

आत तुझं नाव आहे. तुझ्याच अक्षरात, तुझा तो शेपटीवाला "श्र".

मला फक्त एकच विचारायचं आहे. जानेवारीत मी तुला पहिल्या पानावरची ओळ उतरवून पाठवली होती, "पहले अपना नाम बताओ" ही. त्या ओळीखाली तुझ्या पेन्सिलची रेघ आहे. तुला ओळखू आली नाही का ती? तू त्याच पुस्तकाला गाइड म्हणालास, ते कोणाच्या हातात दिसू नये म्हणालास, आणि मी लाजून देऊन टाकलं. माझ्याजवळ होतं दादा, माझ्या दप्तरात होतं.

मला तुझा खूप राग आला आहे. आणि तुझ्यापेक्षा माझा जास्त. मला कळत होतं ते पुस्तक मी न कळणाऱ्या पुस्तकासाठी सोडलं.

तू मला काय लिहिलं होतंस ते मोठ्या आईला सांगितलं नाही. पुस्तक घेऊन आले आहे.

पुष्पलता


पुणे
९ जून १९८६

पुष्पलता,

ओळखलं होतं. ओळ वाचली त्या क्षणी ओळखलं.

आता काय लिहू. सत्काराच्या दिवशी माझ्या हातात काहीच नव्हतं. फोटोवाला म्हणाला, हात मोकळे बरे दिसत नाहीत. पाहुणे म्हणून एक इंजिनिअर साहेब आले होते, त्यांच्या पिशवीत ते निळं पुस्तक होतं. भैयाजीनं ते मागून घेतलं आणि माझ्या छातीशी लावून दिलं. मला वाटलं फोटोपुरतं आहे. पण दुसऱ्या दिवसापासून जो तो विचारायला लागला, हेच पुस्तक का? मी एकदा हो म्हणालो. मग प्रत्येक वेळी तेच म्हणावं लागलं, आणि तुझं पत्र आलं तेव्हा हात आपोआप हो लिहून गेला.

पुण्यात आल्यावर मी ते विकत घेतलं. ऑफिसात टेबलावर असतं, लोकांना दिसेल असं. इथं सगळे मोठ्या कॉलेजातले. मी हिंदी पुस्तकावर शिकलो, हे त्यांना कळलं तर काय म्हणतील, या धाकात माझी चार वर्षं गेली. निळं पुस्तक अजून अर्धंही वाचलेलं नाही. तू विचारलेला नऊ आकडी नंबर मलाही माहीत नव्हता. इथं कोणाला विचारायची लाज वाटली, म्हणून तुला "अडकू नये" असं लिहिलं. आणि एप्रिलचं तुझं पत्र मी चार वेळा वाचून ड्रॉवरमध्ये ठेवलं.

तुझ्या डोक्यात काही कमी नाही. लालच वाच. अजून महिना आहे.

एवढं एक कर. विहारात कोणाला सांगू नको. काकांना तर मुळीच नको. मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

श्रावण


नागपूर
१८ ऑगस्ट १९८६

दादास जयभीम.

निकाल लागला. पास झाले. तिसरी आले.

कोळशाच्या ऑफिसात दोघं घेतली. पंचफुला पहिली, आणि धंतोलीचा एक मुलगा. तिच्या घरचे पेढे द्यायला होस्टेलात आले होते. मी खाल्ला पेढा. ती माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "तुह्यामुळंच झालं वं सारं, तूच त दिलं पुस्तक." चांगल्या मनानं म्हणाली, पण मला तोंड लपवावंसं वाटलं, कारण तेव्हा माझ्या मनात तिच्याबद्दल काही चांगलं नव्हतं. एका महिन्यात लाल पुस्तकावर मी नापासाची तिसरी झाले. जानेवारीपासून वाचलं असतं तर, असं रोज मनात येतं. तुला टोचावं म्हणून लिहीत नाही. खरं तर थोडं टोचावं म्हणूनच लिहिते आहे. आणि गंमत सांगू, लाल संपवल्यावर निळंही कळायला लागलं. पुस्तक वाईट नव्हतंच, माझी त्याच्याकडं जायची वेळ झाली नव्हती.

पुढं ऐक. मी पारशिवनीची असले तरी तुमच्या घरामुळं इंदोऱ्याचीच, आणि इंदोऱ्यातली पहिली मुलगी कॉम्प्युटर पास झाली म्हणून काल विहारात माझा सत्कार झाला. नोकरी नाही तर कसला सत्कार, मी नकोच म्हणत होते. पण भैयाजी ऐकतो का. फोटोवालाही आणलेला. मी ठरवून पिशवीत लाल पुस्तक नेलं होतं. तुझं नाव घ्यायचं नाही, कोणाला काही सांगायचं नाही, फक्त हातात ते धरून उभं राहायचं, असं मनाशी पक्कं केलं होतं.

काढलं, तर भैयाजी म्हणतो, "हे कायले? फाटलं आहे वं हे. निळं धर ना, श्रावणच्या फोटोसंग जोडी जमन." बाबा पुढं आले. त्यांनी निळं आणलंच होतं. धोतराच्या सोग्यानं त्यावरचं प्लास्टिक पुसलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरलं. त्यांचे डोळे भरून आले होते.

मी धरलं, दादा. निळंच धरलं. लाल परत पिशवीत गेलं.

तुला जूनमध्ये मी मनात काय काय बोलले होते, ते सगळं तेव्हा माझ्याच अंगावर आलं. फोटोच्या वेळी तू खोटं बोलला नव्हतास, तुझ्या हातात दिलं होतं. माझ्याही हातात दिलं, फक्त मला आधीपासून सगळं माहीत होतं.

सगळे गेल्यावर मोठी आई माझ्यासोबत चपला शोधत होती. म्हणाली, "तू पण निळंच धरलं." मी वाकून तिची चप्पल पुढं सरकवली. ती म्हणाली, "मले वाचता येत नाही पोरी, पण लाल अन् निळं त दिसते ना. तेव्हाही दिसलं होतं. चारचौघांत पोराची मान खाली कायले घालावी म्हणून मी चूप बसली."

तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दादा.

आणि आज सकाळी जनाबाईची इंदू आली होती, कॉलेजात आहे ती. पुढच्या वर्गाला नाव घालते आहे. म्हणाली, "ताई, दोन्ही फोटोत तेच पुस्तक आहे, म्हणजे मीही तेच घेतो ना?" मी हो म्हणायच्या बेतात होते. मग म्हटलं, आठ दिवसांनी ये, सांगते.

मी तुला शब्द दिला नव्हता, पण गप्प राहिले आहे. तिला काय सांगू ते तू सांग.

पुष्पलता


पुणे
२५ ऑगस्ट १९८६

पुष्पे,

इंदूले लाल पुस्तक दे. पत्र मिळेल त्याच दिवशी दे, आणखी थांबवू नको. तिले सांग, आधी हे, अन् हे संपल्यावर निळं. माझं नाव आत लिहिलं आहे ते खोडू नको. कोणी विचारलं तर दाखव.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं. आईचं बोलणं वाचलं अन् बसवलं नाही, उठून बाहेर गेलो. दर दसऱ्याला मी घरी येतो. दरवेळी ती मला विहारात नेते, त्या फोटोखाली बसवते, बायकांना सांगते हा माझा श्रावण. मी तिथं बसून चहा प्यालो आहे, पुस्तकाबद्दल मोठमोठ्या गोष्टी सांगितल्या आहेत, अन् ती बाजूला बसून ऐकत होती. मी जगापासून लपवत होतो, अन् जिच्या चुलीपाशी बसून शिकलो तिच्यापुढंच खोटं बोलत होतो. एवढी लाज मला कॉलेजवाल्यांपुढं कधी वाटली नाही.

तुझी नोकरी गेली ती माझ्यामुळं. हे मी दुसऱ्या कोणत्या शब्दांत लिहू शकत नाही. परत देता येत नाही ते पण माहीत आहे. आता जे अडेल ते मला विचार. मला येत नसेल तर येत नाही असं लिहीन, अन् इथं कोणाला तरी विचारून कळवीन.

आज टेबलावरचं निळं पुस्तक उचलून कपाटात ठेवलं. शेजारच्या देशपांड्यानं विचारलं, काय झालं, वाचून संपलं का? मी म्हणालो, नाही, अर्धंच वाचलं आहे, मी हिंदी पुस्तकावर शिकलो. त्यानं "अच्छा" म्हटलं अन् डबा उघडला. एवढंच झालं.

दसऱ्याला येतो. काकांना मीच सांगीन, सगळ्यांसमोर, विहारातच. ते मला काही बोलणार नाहीत, मान हलवतील अन् टोपी नीट करतील. तेच मला जड जाणार आहे. पण तू आधी सांगून माझं ओझं हलकं करू नको.

भैयाजीला म्हणावं, फोटोवाल्याला त्या दिवशी बोलावून ठेव. जुने दोन्ही फोटो काढायचे की नाही ते तो पाहो. मला एक नवीन काढायचा आहे. मध्ये आई खुर्चीवर, एका बाजूला तू, एका बाजूला मी, दोघांचे हात मोकळे. पुस्तक आईच्या हातात राहील.

तेवढं इंदूला सांगून ठेव, दसऱ्याच्या दिवशी थोडा वेळ ते परत लागेल. मग तिचं तिला.

श्रावण